पेन निवडण्याआधी पानाची पाठ चाचपून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कामावर दिवसभर सह्या, फॉर्म भरणं, बैठकीतली टिपणं. रात्री घरी वहीत स्वतःसाठी दोन-तीन पानं. आजवर हाताला लागेल ते पेन वापरलं, आता एकच चांगलं पेन घ्यायचं आहे, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. पण बॉलपेन, जेल की शाईचं पेन, हे ठरत नाही. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या पानाला अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं.

मला विचाराल तर ते जाता जाता लिहिलेलं वाक्यच खरा प्रश्न आहे. आधी त्याचं बघू, बाकीचं त्यातून सुटत जाईल.

मी गेली २२ वर्षं पेनं दुरुस्त करतो. त्यात शाईची पेनं जास्त, पण लोक बॉलपेनंही घेऊन येतात. समोर दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याची वाटी, टीपकागद आणि एक जाड वही, एवढाच माझा पसारा. त्या वहीत मी प्रत्येकाला आधी चार ओळी लिहायला लावतो आणि त्या वेळी पेनाकडे न बघता बोटांकडे बघतो. तर्जनी शेवटच्या सांध्यात आत मोडलेली आणि नख पांढरं पडलेलं दिसलं, की पेन उघडायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या पेनांपैकी बरीचशी बिघडलेली नसतातच. शाई, कागद आणि हात या तिघांचं आपसात जमत नसतं, आणि दोष येतो पेनाच्या माथी.

हे तुम्ही घरीही तपासू शकता. वहीतलं काल-परवाचं पान उलटा आणि त्याच्या पाठीवरून बोटाचं टोक फिरवा. अक्षरं चाचपून मोजता येतील इतकी वर आली असतील, तर तुम्ही लिहीत नाही आहात, कोरताय. खालच्या कोऱ्या पानावरही वळ उठले असतील, तर मग अंगठ्यानं तक्रार केली नसती तरच नवल.

ही सवय बहुतेकांना बॉलपेनानं लावलेली असते, आणि त्याचं कारण त्याच्या जन्मातच आहे. लास्लो बिरो हा हंगेरीचा पत्रकार. छापखान्याची शाई चटकन वाळते, मग तीच पेनात का भरू नये, असं त्याच्या मनात आलं. पण ती शाई इतकी दाट, की निबेच्या चिरेतून खाली उतरेना. म्हणून टोकाशी फिरती गोळी बसवायची कल्पना पुढे आली, रसायनं जाणणाऱ्या त्याच्या भावानं त्या गोळीला मानवेल अशी शाई तयार केली आणि १९३८ साली पेटंट झालं. आजच्या साध्या बॉलपेनातली शाईही तेलकट आणि दाटच असते. गोळी खोबणीत बसलेली, वरच्या बाजूनं तिला शाई लागते, ती कागदावर फिरली की तीच शाई खाली उतरते. कागदानं गोळीला धरलं तरच ती फिरणार, आणि वरची दाट शाई तिला अडवणार. या ओढाताणीत जोर कोणी लावायचा? तुमच्या अंगठ्यानं.

यातून एक फुकटचा उपाय निघतो. काचेच्या किंवा गुळगुळीत टेबलावर एकच सुटा कागद ठेवून लिहू नका, खाली आठ-दहा कागद घ्या. कागद जरासा दबला की गोळीला पकड मिळते आणि ती सहज फिरते. ‘माझं पेन मध्येच सोडतं’ असं सांगणाऱ्या कित्येकांना मी नुसती खाली वही सरकवून परत पाठवलंय. दुसरं, बॉलपेन थोडं उभं धरावं लागतं. फार आडवं झालं की गोळीऐवजी खोबणीची कड कागदाला घासते आणि रेघ तुटते. रेघ तुटली की माणूस आणखी दाबतो, आणि दुष्टचक्र सुरू होतं.

तेव्हा पेनापेक्षा आत काय वाहतंय हे आधी ठरवायचं. तुमच्यासारख्यासाठी त्यात मुख्य वाटा चारच.

पहिली म्हणजे नेहमीची दाट बॉलपेनाची शाई. टिकाऊ, काटकसरी, जवळपास कुठल्याही कागदावर चालते, लगेच वाळते. मात्र दाब मागते. तुमचा अंगठा बघता ही बाद.

दुसरी वाट २००० नंतरच्या दशकात आली: तेलकटच, पण बरीच पातळ केलेली शाई. युनीच्या जेटस्ट्रीमनं ती लोकांच्या हाती दिली, आता इतरही बनवतात. जवळजवळ निम्म्या दाबात काळीभोर रेघ येते, असं माझ्या हाताचं मत. मोजून सांगत नाही. वाळते पटकन, स्वस्त कागदावर फुटत नाही. कामाच्या ठिकाणी कागद आपल्या पसंतीचा नसतो, कधी खरखरीत, कधी गुळगुळीत चकचकीत. तिथे हिच्याइतकी निमूट वागणारी शाई दुसरी नाही.

तिसरी जेल. १९८४ मध्ये जपानच्या साकुरा कंपनीनं जेल पेन बाजारात आणलं. डब्यातला घट्ट रंग ब्रश फिरला की सैल होतो आणि थांबला की परत घट्ट, तसं हिचं आहे. गोळी फिरताना पातळ, थांबली की जागच्या जागी. म्हणून लिहायला अगदी हलकी आणि रंगाला भरदार. दोन गोष्टी लक्षात ठेवा. शाई भराभर संपते, बॉलपेनाची रिफिल पुरते तेवढी ही पुरत नाही. आणि चकचकीत कागदावर ती काही सेकंद ओली राहते. आपण शब्द लिहून झाल्यावर शिरोरेषा द्यायला हात मागे नेतो, तेव्हा नुकत्या लिहिलेल्या अक्षरावर करंगळी फिरते. डावखुऱ्यांना तर हा त्रास प्रत्येक शब्दाला. रोलरबॉलची, म्हणजे गोळीच्या टोकाचीच पण पाण्यासारखी शाई असलेल्या पेनाची, गोष्ट याच्याच जवळची. फक्त ते साध्या कागदावर जास्त फुटतं, म्हणून तुमच्यासाठी त्याच्या नादी लागत नाही.

चौथं शाईचं पेन. इथे दाब जवळपास शून्य, कारण निबेच्या चिरेतून शाई आपसूक कागदाकडे ओढली जाते. निब कागदाला टेकली की काम झालं. माझा जीव याच पेनात आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं तुम्ही त्या हिशेबानं वाचाल.

रिफिलवरच्या आकड्यांबद्दलही सांगतो, कारण लोक तिथे हमखास फसतात. ०.५, ०.७, १.० हे गोळीच्या व्यासाचे मिलिमीटर आहेत, रेघेच्या जाडीचे नव्हेत. रेघ त्याहून बरीच बारीक येते, आणि किती बारीक ते शाईवर ठरतं. जेलची ०.५ आणि बॉलपेनाची ०.७ जवळपास सारखी रेघ देतात. तुमचं अक्षर लहान असेल तर जाड रेघेत ‘क्ष’ आणि ‘ष’ची पोटं भरून जातात, ‘ळ’चा ठिपका होतो. मोठ्या मोकळ्या अक्षराला मात्र बारीक टोक किरटं दिसतं, शिवाय बारीक टोक कागदात रुततं आणि जास्त खरखरतं. हात दुखणाऱ्यानं शक्यतो एक पायरी जाड घ्यावं.

आता सह्यांचं. तुमच्या कामात सह्या असतील तर ‘पेन छान चालतं’ एवढ्यावर भागत नाही. कागदपत्रांसाठीच्या शाईला आंतरराष्ट्रीय मानकं आहेत: बॉलपेनासाठी आयएसओ १२७५७-२, रोलरबॉलसाठी १४१४५-२, जेलसाठी २७६६८-२. त्यात शाई पाण्यानं, खोडण्यानं, अल्कोहोल किंवा ब्लीचसारख्या रसायनांनी आणि उजेडानं कितपत जाते हे तपासलेलं असतं. रिफिलवर किंवा तिच्या वेष्टनावर यातला आकडा दिसला की सहीपुरती काळजी मिटली. रंगकण असलेली, म्हणजे पिगमेंटची जेल शाई कागदाच्या धाग्यांत रुतून बसते आणि सहजी धुतली जात नाही, म्हणून सहीसाठी ती मला जास्त भरवशाची वाटते. शाईच्या पेनातली नेहमीची निळी शाई मात्र पाण्याचा थेंब पडला की फिसकटते. तिनं घरी काहीही लिहा, करारावर सही करू नका.

आणि खोडता येणारी जेल पेनं कामाच्या खिशात ठेवूच नका. ती रबरानं खोडली जात नाहीत, घासल्याच्या उष्णतेनं शाईचा रंग उडतो. साधारण ६० अंश सेल्सिअसला रेघ अदृश्य होते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी सही केलेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करायला दिलं. गरम रुळांतून ते बाहेर आलं तेव्हा छापलेला मजकूर जागेवर होता आणि सहीच्या जागी कोरा कागद. फ्रीझरमध्ये उणे १० ते २० अंशाला ठेवलं की रंग परत येतो, आणि तसा तो आलाही, फिकट आणि भुतासारखा. प्रमाणपत्र पुन्हा करून घ्यावं लागलं ते लागलंच.

आता ‘एकच पेन’ या हट्टाकडे येतो. हट्ट म्हणतोय त्याचा राग मानू नका. तुमचं कामावरचं आणि घरचं लिखाण दोन वेगळ्या जातींचं आहे. कामावर लिहिणं तुकड्यातुकड्यांत: दोन शब्द, मग फोन, मग सही, मग शेजारी कुणीतरी ‘जरा पेन द्या हो’ म्हणत हात पुढे करतो. टोपण काढत-लावत बसलात तर त्यातच दिवस जाईल, आणि टोपण उघडं राहिलं की शाईच्या पेनाची निब सुकते. तिथे खटक्याचंच पेन हवं, कागदाची निवड न करणारं, आणि हरवलं तर रात्रीची झोप उडणार नाही असं. घरी याच्या अगदी उलट. कागद तुमचा, वेळ तुमचा, लिखाण सलग. अंगठाही तिथेच दुखतो, कामावर नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? सह्यांनी हात दुखत नाही, सलग तीन पानांनी दुखतो.

तरीही एकच घ्यायचं असेल तर असं एक पेन सुचवतो ज्याचं शरीर एक आणि रिफिली दोन. पार्करनं १९५४ मध्ये जॉटर नावाचं पेन काढलं. त्यासोबत आलेल्या रिफिलीचा आकार पुढे इतका रूढ झाला, की आज कितीतरी कंपन्या त्याच मापाच्या, साधारण ९८ मिलिमीटर लांबीच्या रिफिली बनवतात. त्याच मापात दाट बॉलपेनाची शाई मिळते, पातळ केलेली मिळते (श्मिटची ईझीफ्लो ही त्यातली एक) आणि जेलही मिळते. म्हणजे शरीर एकदाच निवडायचं, शाई कामाप्रमाणे बदलायची. विकत घेताना एक घोळ टाळा. मानकांच्या भाषेत या मापाला ‘जी२’ म्हणतात, आणि पायलटचं एक प्रसिद्ध जेल पेन आहे त्याचंही नाव ‘जी२’. दोन्हींच्या रिफिली वेगळ्या, एकमेकींत बसत नाहीत. तासभर कापाकापी करून शेवटी चिडून माझ्याकडे आलेले लोक मी पाहिलेत.

हे माप बघण्याचं कारण केवळ सोय नाही. एका गृहस्थांना निवृत्तीला भारी पेन भेट मिळालं होतं, जड, चकचकीत, नाव कोरलेलं. रिफिल संपल्यावर कळलं की तसली रिफिल ती एकच कंपनी बनवायची आणि तिनं ती बंद केलीय. पेन धडधाकट आणि निरुपयोगी. मी आत नळीचा तुकडा बसवून कशीबशी दुसरी रिफिल चालवून दिली, पण दर वेळी खटका दाबला की टोक आत डुगडुगायचं. म्हणून कुठलंही शरीर आवडलं की पहिला प्रश्न विचारा: यात रिफिल कुठली, आणि ती आणखी कोण बनवतं?

शरीराबद्दल बाकी सांगण्यासारखं थोडकंच. वजन १० ते २० ग्रॅमच्या दरम्यान असावं. भेट म्हणून मिळणारी पितळी पेनं ३० ग्रॅमच्या वर जातात, हातात घेतल्यावर श्रीमंत वाटतात आणि दुसऱ्या पानाला ओझं. वजन पुढे, बोटांकडे असलेलं बरं. शाईच्या पेनाचं टोपण मागे खोचलं की तोल मागे जातो, ते करू नका. पकडीची जागा पेन्सिलीपेक्षा जाड, साधारण १० ते १२ मिलिमीटर, आणि गुळगुळीत धातूची नको. घाम आला की धातू निसटतो आणि निसटू नये म्हणून माणूस घट्ट आवळतो. अंगठा पुन्हा तिथेच अडकतो. ही मापं माझ्या टेबलावरच्या अनुभवाची आहेत, तुमचा पंजा मोठा असेल तर तुमची वेगळी निघतील.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत: रात्रीचं लिखाण टेबलावर होतं की पलंगावर पडून? पडून असेल आणि पेनाचं टोक वर जात असेल, तर साधी रिफिल काही ओळींनी बंद पडणारच, कारण शाई स्वतःच्या वजनानं गोळीकडे उतरते. मग रिफिलीत हवा शिरते आणि ती पुन्हा नीट चालेल याची खात्री नसते. अशांसाठी फिशरची दाबाखालच्या नायट्रोजनची रिफिल आहे, १९६८ मध्ये अपोलो ७ बरोबर अवकाशात गेली ती. जोडतुकडा लावला की ती पार्करच्या मापातही बसते. शाई मात्र दाट आहे, हाताला आराम नाही. उठून बसणं स्वस्त पडेल.

तुमच्या जागी मी काय करीन ते सांगतो. आधी शरीर घेणारच नाही. पातळ तेलकट शाईची ०.७ किंवा १.० ची एक आणि जेलची एक अशा दोन रिफिली घेईन, जवळच्या कुठल्याही साध्या पेनात घालून दोन आठवडे लिहीन. घ्यायच्या आधी टोक चालवून बघताना वेटोळी काढू नका, वेटोळ्यात कुठलीही गोळी छान फिरते. स्वतःची सही करा, मग एखादं लांब वाक्य शिरोरेषेसकट, आणि तेही आपल्याच वहीच्या पानावर. दुकानदार जो गुळगुळीत गठ्ठा पुढे करतात त्यावर सगळीच पेनं गुणी वाटतात.

दोन आठवड्यांनी परत पानाची पाठ चाचपा. वळ कमी झाले असतील तर हात सुटायला लागलाय, मग निवांतपणे शरीर निवडा. वळ तसेच असतील तर रिफिल बदलून भागणार नाही, आणि तिथे मी घरच्या लिखाणासाठी शाईचं पेन सुचवीन. पोलादी निबेचं, साधं. लॅमीचं सफारी किंवा पायलटचं काकुनो यांसारखं. दोघांच्याही पकडीला बोटं बसायला जागा केलेली आहे. सफारीची खाच ठळक आहे, कुणाला आवडते, कुणाला बोटं बांधल्यासारखी वाटतात, म्हणून हातात धरूनच घ्या. शाईच्या पेनाचा खरा फायदा असा की ते दाब सोसत नाही. दाबलं की निबेची पाती फाकतात, रेघ जाड होते, कागद खरवडल्यासारखा आवाज येतो. महिनाभरात हात आपणहून हलका होतो. त्यानंतर तेच लोक बॉलपेनही हलक्या हातानं धरताना मी पाहिलंय.

सोन्याच्या निबेच्या मोहात इतक्यात पडू नका. कागदाला टेकतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा बारीक मणी, आणि तो पोलादी निबेलाही असतो, सोन्याच्याही. गुळगुळीतपणा त्या मण्याच्या घासणीवर आणि दोन्ही पाती एका पातळीत असण्यावर ठरतो. खरखरणारी निब भिंगाखाली धरली की बहुधा एक पातं केसभर वर दिसतं, नखानं हलकेच दाबून ते जागेवर बसवलं की झालं. पेन दुसऱ्याला दिलं की निब बिघडते, हा समजही अर्धाच खरा. मणी चार दिवसांत कुणाच्या हाताला लागून झिजत नाही. पण घेणारा दाबून लिहिणारा असेल तर पाती फाकवून परत देतो.

बारीकपणाची अक्षरंही फसवी. जपानी निबेवरचं ‘एफ’ (म्हणजे ‘फाइन’, बारीक) युरोपियन ‘एफ’पेक्षा साधारण एक पायरी बारीक असतं. शाई फक्त फाउंटन पेनाची म्हणून विकली जाते तीच भरा. चित्रकलेच्या काळ्या शाईत लाखेसारखा पदार्थ असतो, तो निबेखालच्या जिभेत, म्हणजे निबेपर्यंत शाई आणणाऱ्या भागात, वाळला की माझ्या वाटीतल्या पाण्यानंही निघत नाही. शाई बदलताना, आणि एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी, साध्या गार पाण्यानं पेन धुवा. साबण नको, गरम पाणी तर नकोच.

अंगठ्याचं शेवटचं. पेन बदलून, हात सैल करूनही महिन्याभरात दुखणं गेलं नाही, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर ते पेनवाल्याचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा.

तुमची वही कशी आहे ते कळवलंत तर निबेची जाडी नेमकी सांगता येईल. पानाच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका आणि दहा सेकंदांनी बघा: थेंब तसाच उभा राहिला, की पसरून पाठीमागे उमटला?